उजवा अर्धा, डावा पाऊण

"डावा पाऊणच ठेवा, चाचा. फक्त कुणाला दिसायला नको," असं म्हणून वरदने दोन्ही स्केट काउंटरवर ठेवले.

"एकदा बर्फावर गेलास की कोण बघतंय तुझं पातं?" रफिक म्हणाला.

"आज येतोय तो बघेल. मारेक. आता क्लबचा मॅनेजर आहे, पण आधी तीस वर्षं तुमचंच काम करायचा. धार लावायचं."

रफिक मुकादमने चष्मा कपाळावर सरकवला. हे वरदने आधी सांगितलं नव्हतं. पोलंडमधल्या कुठल्याशा लहान गावचा आइस हॉकीचा क्लब आहे, त्यांचा माणूस दुबईवरून पुढे जाताना पाच वाजताची मॅच बघणार आहे, पसंत पडलं तर एक सीझन खेळायचं आणि मग तिथेच पोरांना शिकवायचं, एवढं तो आठवडाभर ऐकत होता. येणारा माणूस आपल्याच धंद्यातला निघेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"ठेव. बघतो," तो म्हणाला.

वरद स्टिकला टेप गुंडाळायला ड्रेसिंग रूमकडे गेला. जाताना तो अजिबात लंगडत नव्हता. चौतिसाव्या वर्षी इतकं ताठ चालायला माणसाला मुद्दाम लक्ष द्यावं लागतं, हे रफिकला दिसत होतं.

दुबईतल्या अल क्वोजमध्ये टायरचं गोदाम आणि फरशीचं गोदाम यांच्या मधल्या शेडमध्ये हे रिंक आहे. ऑगस्टमध्ये बाहेर सेहेचाळीस डिग्री आणि आत रफिक बारा महिने स्वेटर घालून. बाहेर जेवायला जाताना काढायचा आणि आत आल्यावर घालायचा, असं चोवीस वर्षं चाललंय. मूळचा तो लेथवरचा माणूस. मागच्या गल्लीतल्या वर्कशॉपमधून रिंकचं धार लावायचं मशीन दुरुस्त करायला म्हणून आला आणि दुपारपर्यंत मशीन चालू करून, वर दोन जोडांना धार लावून दाखवली. तेव्हाच्या साहेबाने त्याला जाऊच दिलं नाही. ही आठ बाय सहाची खोली त्याला मिळाली, तिला बर्फाच्या बाजूला एक खिडकी. इतकी वर्षं खिडकीतून बर्फ बघितला, पण रफिकने त्यावर एकदाही पाय ठेवला नाही. पोरं चिडवायची. तो म्हणायचा, माझा पाय मोडला तर तुमचा बाप मला ठेवून घेणार आहे का? ही चेष्टा नव्हती. व्हिसावरच्या माणसाने हातपाय मोडून घ्यायचे नसतात, हे त्याला गल्फमध्ये आल्या आल्या कळलं होतं.

त्याचं काम बघायला सोपं आहे. स्केटच्या पात्याच्या तळाला मधोमध एक बारीक पन्हळ असते आणि तिच्या दोन कडा बर्फ धरतात. पन्हळ खोल असली की कडा बर्फात रुततात, वळणं धारदार निघतात, पण तेवढा जोर पायाला सोसावा लागतो. उथळ असली की पाय जरा घसरतो आणि सांध्याला आराम पडतो. खोल पन्हळीला अर्धा इंच म्हणतात, उथळीला पाऊण; हे माप गोलाईचं, खोलीचं नव्हे. प्रत्येक खेळणाऱ्याचा आपला नंबर ठरलेला असतो आणि रफिकच्या वहीत नावापुढे तो लिहिलेला असतो. वयाने, वजनाने नंबर बदलतो, पण दोन्ही पायांचा एकच असतो. एका माणसाचे दोन पायांना दोन नंबर असं रफिकने चोवीस वर्षांत एकाच पानावर लिहिलं होतं. उजवा अर्धा, डावा पाऊण.

वरद केळुसकर पहिल्यांदा त्याच्या काउंटरशी आला तेव्हा दहा वर्षांचा होता आणि त्याची हनुवटी काउंटरला टेकायची. राहायला शारजात, अल मजाजला. वडील राजन केळुसकर इन्शुरन्स कंपनीत. ऑफिस सुटलं की तासभर ट्रॅफिकमध्ये काढून पोराला इथे आणायचे आणि तो खेळेपर्यंत बाकावर बसून डुलक्या काढायचे. बर्फावर वरद कोचला इंग्रजीत उत्तरं द्यायचा आणि काउंटरशी आला की "चाचा, जरा जास्त धार लावा ना" असं मराठीत. पंधराव्या वर्षी तो कॅनडाला गेला, एका परक्या घरी राहून खेळायला. राजन सरांनी त्या दिवशी अख्ख्या रिंकला मोतीचूर वाटले होते. रफिकला दोन मिळाले. त्याने एक खाल्ला आणि एक अजमानला खोलीवर नेला.

त्यानंतर वरद दर उन्हाळ्यात यायचा, दर वेळी वेगळ्या गावाहून. पिशवीवर वेगळ्या क्लबचं चित्र असायचं. कधी लांडगा, कधी लोहाराचा हातोडा, एकदा चक्क मका. स्केट काउंटरवर ठेवायचा आणि स्टुलावर बसून बोलत राहायचा.

"तिकडे धार लावणारे नाहीत काय?" रफिक विचारायचा.

"आहेत. पण त्यांना मी लक्षात राहत नाही. येतो आणि जातो."

वरच्या लीगचे खेळाडू टीव्हीवर दिसतात, त्यांना घरं, गाड्या. त्यांच्या खाली एक लीग, तिच्या खाली आणखी, आणि त्या तळातल्या लीगमध्ये वरदसारखे शेकडो. मॅच संपली की अकरा तास बसने दुसऱ्या गावी. चौघांत एक फ्लॅट. करार आठवड्याचा. ड्रेसिंग रूममध्ये प्रत्येकाच्या खुंटीवर पांढऱ्या टेपचा तुकडा असतो आणि त्यावर मार्करने नाव. सकाळी गेलं आणि टेप काढलेली दिसली की समजायचं. कोच बोलवून सांगतो, पण ते नंतर. वरदची टेप अशी नऊ गावांत निघाली होती. उरलेली पाच गावं त्याने आपणहून सोडली. रफिकला या खेळाचे नियम अजूनही नीट कळत नाहीत, पण हे कळायला नियमांची गरज नव्हती. अजमानच्या खोलीत त्याच्या आजूबाजूच्या पलंगांवरची माणसं अशीच बदलत आली होती.

एकदाच वरदला वरच्या पायरीवरून बोलावणं आलं. एका मॅचपुरतं, कुणाचं तरी मनगट मोडलं म्हणून. वर्षानुवर्षं त्या एका संध्याकाळबद्दल तो सांगत आला.

"पद्धत असते, चाचा. नवा माणूस पहिली मॅच खेळणार असेल ना, तर त्याला सगळ्यांच्या पुढे सोडतात. त्याला वाटतं, मागून सगळे येतायत. पण सगळे दरवाजातच थांबतात. अख्ख्या बर्फावर तो एकटा. एक पूर्ण फेरी एकट्याने मारायची, मग बाकीचे उतरतात."

"तुला कसं वाटलं?"

"आधी कळलंच नाही. मागे बघितलं तर कुणी नाही. आठ हजार लोक बसलेले. मग मारली फेरी." वरद हसला होता. "नंतर मॅचमध्ये चार मिनिटं खेळलो. दुसऱ्या दिवशी परत खाली."

दोन वर्षांपूर्वी तो कायमचा इथे आला. बायको मैथिली शारजात शाळेत शिकवते, मुलगी ईश्वरी सात वर्षांची. रिंकने त्याला पोरांचा कोच केलं. आणि सहा महिन्यांमागे एक दिवस त्याने डाव्या पायाची पन्हळ उथळ करून मागितली. रफिकने तेव्हा काही विचारलं नाही, पण त्याला पात्यानेच सांगितलं होतं. उजव्या पात्याची आतली कड दर आठवड्याला बोथट होऊन यायची आणि डावी जशीच्या तशी परत यायची. पाय जोर देत नसला की कड झिजत नाही. तिसऱ्या महिन्यात न राहवून तो म्हणाला, "डॉक्टरला दाखव."

"दाखवलंय. खुब्याचा सांधा गेलाय. ऑपरेशन सांगितलंय."

"मग करून टाक की."

"केलं की खेळणं खलास. आणि खेळणं सोडून मला काय येतं, चाचा?"

सप्टेंबरपासून रिंकवर बाहेरची अकॅडमी येणार होती, तिचे कोच तिचेच. मॅनेजर सुजीतने वरदला ते फार नीट, फार अवघडून सांगितलं होतं. करार ऑगस्टअखेर संपत होता. बायोडेटामध्ये चौदा गावं आणि एकही डिग्री नाही. म्हणून ही पोलंडची गोष्ट.

रफिकने उजवा अर्ध्यावर घेतला. मग चाकावर हिऱ्याचं टोक फिरवून चाकाची गोलाई बदलली आणि डावा पाऊणवर. फडक्याने पुसून जोड काउंटरवर उभा केला. तेवढ्यात रत्नागिरीहून बायकोचा, अजराचा, व्हिडिओ कॉल आला.

"जेवलात?"

"केव्हाच."

"तो आवाज कसला?"

"मशीन गं. बंद करतोय."

"आता बंदच करा. एकसष्ट झाली. फहद पण म्हणतो, अब्बांनी काय तिकडेच राहायचं ठरवलंय का? काय राहिलंय तिकडे तुमचं?"

"डिसेंबरला येतो. इन्शाल्ला."

"कुठल्या डिसेंबरला ते पण सांगा," अजरा म्हणाली. गेले तीन डिसेंबर तिने हेच ऐकलं होतं. रफिक हसला, फोन ठेवला आणि वळला तर दारात एक उंच, वाकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता. तो रफिककडे बघतच नव्हता. तो मशीनकडे बघत होता.

"ओल्ड मशीन," तो म्हणाला. "व्हेरी गुड मशीन."

हाच मारेक. त्याचं इंग्रजी रफिकच्या इंग्रजीएवढंच होतं, त्यामुळे दोघांचं छान जमलं. मारेकने चाकाला हात लावला, हिऱ्याचं टोक उचलून बघितलं, आपल्या उजव्या अंगठ्याचं घट्ट पडलेलं कातडं दाखवलं. रफिकने आपलं दाखवलं. दोघे हसले. रफिकने त्याला स्टूल दिलं. चोवीस वर्षांत या खोलीत आपल्या कामाचा माणूस पहिल्यांदाच आला होता आणि रफिकला खरोखर आनंद झाला, तेवढ्यापुरतं तो माणूस कशासाठी आलाय हेही तो विसरला.

मग मारेकने काउंटरवरचा जोड बघितला. टाचेवर मार्करने केळुसकर लिहिलेलं होतं.

"हिज?"

"येस."

"खेळाडू खोटं बोलतो," मारेक त्याच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "एजंट बोलतो. डॉक्टरसुद्धा बोलतो. धार लावणारा नाही बोलत. तर तू सांग. याचा नंबर काय?"

वही काउंटरवर मिटलेली होती. रफिकचा हात सहज तिच्यावर गेला. दोन नंबर सांगितले की संपलं. हा भला माणूस हात मिळवेल, कॉफी पिऊन एअरपोर्टला जाईल आणि वरदला मॅचसुद्धा खेळावी लागणार नाही. रफिकला राजन सरांचे मोतीचूर आठवले. का आठवले ते त्याला कळलं नाही. आणि आठवला त्याचा स्वतःचा खोलीवाला ताजुद्दीन, ज्याच्या छातीच्या फोटोत व्हिसाच्या मेडिकलवाल्यांना डाग दिसला आणि जो तीन दिवसांत घरी पोचला होता. त्या माणसाने अकरा वर्षं काम केलं होतं. विचारलं कुणी नाही, बघितला फक्त फोटो.

"हाफ," रफिक म्हणाला. "बोथ. हाफ."

"गुड." मारेक खूश झाला. "मी आधी मॅनेजरला भेटतो. मग येऊन अंगठा लावतो. माझी सवय आहे. राग नको."

"नो राग," रफिक म्हणाला.

मारेक सुजीतच्या केबिनकडे गेला. रफिकने दार लोटलं आणि डावा स्केट पुन्हा मशीनवर चढवला. चाक पुन्हा अर्ध्यावर आणलं. एक फेरी, दोन, चार. ठिणग्या उडत राहिल्या आणि पाऊण जाऊन तिथे अर्धा आला. सहा महिने ज्या पायाला त्याने जपलं, त्याच पायाखाली तो आता जास्तीत जास्त रुतणारी कड देत होता. आपण काय करतोय हे त्याला माहीत होतं. आपण सांगितलेला शब्द खरा करायचा, एवढंच त्या दहा मिनिटांत त्याच्या डोक्यात होतं.

मारेक परत आला. उजव्या पात्यावर अंगठा फिरवला, डाव्यावर फिरवला. खिशातून नाणं काढून दोन कडांवर आडवं ठेवलं आणि डोळा बारीक करून बघितलं. नाणं सपाट होतं.

"माझ्यापेक्षा चांगला आहेस," तो म्हणाला.

असं कौतुक रफिकचं इतक्या वर्षांत कुणी केलं नव्हतं. एरवी त्याने ते अजराला फोन करून सांगितलं असतं. आत्ता त्याला कुठे बघावं ते कळेना.

तेवढ्यात वरद आला. दोघांनी हात मिळवले. वरद स्केट घेऊन बाहेरच्या बाकावर बसला आणि नाड्या आवळायला लागला. मारेक त्याच्या शेजारीच उभा राहून गावाबद्दल सांगू लागला. गाव लहान आहे, नदी आहे, शाळा चांगली आहे, लोक मॅचला येतात. रफिक फडकं घेऊन बाहेर आला आणि बाकाची कड पुसत, चहापाण्याचं विचारावं तशा आवाजात म्हणाला, "वरद, डावा पण अर्धा केलाय."

वरदच्या हातातली नाडी थांबली. मान खालीच होती.

"त्याने नंबर विचारला. मी अर्धा म्हणालो. मग करावाच लागला, त्याने अंगठा लावून बघितलाय. तू म्हणालास तर परत पाऊण करतो. पाच मिनिटं लागतील."

"त्याच्यासमोर?"

"हां. तेच तर."

वरदने नाडी पुन्हा खेचली. एक वेढा, दुसरा वेढा, गाठ. मग डावं पाऊल जमिनीवर दाबून बघितलं.

"असू दे, चाचा. एवढी एक मॅच."

"मी चूक केली बाबा. मला काय सुचलंच नाही."

"नाही हो. मी पण अर्धाच सांगितलं असतं."

"काय म्हणतो?" मारेकने विचारलं.

"नीट खेळ म्हणतो," वरद इंग्रजीत म्हणाला आणि उठला.

रफिक सहसा मॅच बघत नाही. वीस माणसं काठ्या घेऊन एका काळ्या रबरी चकतीमागे धावतात, त्यात बघायचं काय, असं त्याचं मत आहे. तो खिडकीतून फक्त पाय बघतो. कुणाची कड गेली, कुणाचं पातं वाकलं, ते त्याला तिथूनच कळतं. आज मात्र तो स्टूल खिडकीशी ओढून बसला.

आणि वरदने पहिलं वळण घेतलं तसा रफिक उभाच राहिला. डावा पाय बर्फात रुतला, बर्फाची फक्की उडाली आणि वरद समोरच्या माणसाला तिथेच ठेवून निघून गेला. सहा महिन्यांत त्या पायाने असं वळण घेतलं नव्हतं. पुन्हा घेतलं. चकती त्याच्या काठीला चिकटून आल्यासारखी येत होती. हा बावीस वर्षांचा वरद होता, मक्याचं चित्र असलेल्या पिशवीवाला. त्याने एक गोल करून दिला, मग एक स्वतः केला. बाकावरचे लोक स्टिकने कठडा ठोकत होते. सुजीत काचेपाशी उभा राहून हसत होता आणि मारेकने दोन्ही हात खिशातून बाहेर काढले होते. रफिकला वाटलं, होईल. अल्ला, होऊ दे. एवढी वीस मिनिटं त्याला स्वतःच्या हाताचा अभिमान वाटला आणि त्याची त्याला लाजही वाटली.

दुसऱ्या भागात, निम्मी वेळ झाली असेल, वरद पूर्ण वेगात येऊन डाव्या पायावर थांबला. पातं बर्फात घट्ट बसलं. पाय थांबला आणि वरचं अंग थांबायला क्षणभर उशीर झाला. तो पडला नाही. कठड्याला हलकेच टेकला, लगेच निघाला, हेल्मेटमुळे चेहरा दिसला नाही. पण त्यानंतर त्याने डावीकडे एकही वळण घेतलं नाही. चकती डावीकडे गेली तर तो लांबून उजवा फेरा घालून तिच्यापर्यंत जायचा, आणि इतक्या हुशारीने की बघणाऱ्याला ती चालच वाटावी. चौदा गावांत माणूस हेच शिकतो. बाकावरच्या कुणाला काही कळलं नाही. रफिकने मारेककडे बघितलं. मारेक चकतीकडे बघायचा थांबला होता. तो वरदचे पाय बघत होता. त्याने हात पुन्हा खिशात घातले.

रफिकला स्वतःचा राग आला. दोन नंबर सांगितले असते तर करार गेलाच असता, पण पोराचं हाड तरी वाचलं असतं. आता दोन्ही गेलं.

मॅच संपली. वरदचा संघ जिंकला होता. खेळाडू एकमेकांना थोपटत दरवाजाकडे आले. त्या दरवाजाला वीतभर उंच उंबरा आहे. बर्फावरून बाहेर यायचं तर स्केट घातलेला पाय तेवढा उचलावा लागतो, दहा वर्षांचं पोरही उचलतं. एकेक करून सगळे बाहेर आले. दरवाजाच्या बाहेर मारेक हात मिळवायला उभा होता.

वरद आला नाही. तो बर्फावरच राहिला. सरावाच्या वेळच्या चकत्या कडेकडेने विखुरल्या होत्या, त्या तो काठीने एकेक करून मधे ढकलायला लागला. जाता जाता एक खेळाडू म्हणाला, "कोच, लीव्ह इट." वरदने हात हलवला. एक संथ फेरी झाली. दुसरी सुरू झाली. उजवा पाय ढकलत होता आणि डावा नुसता सोबत येत होता. दरवाजासमोरून जाताना त्याने मारेककडे बघून मान डोलावली आणि तो पुढे गेला.

बाहेरच्यांना वाटलं, किती कष्टाळू माणूस आहे. रफिकला समजलं. तो पाय आता वीतभर उचलला जाणार नव्हता आणि वरदला ते त्या माणसासमोर करून बघायचं नव्हतं. तिसरी फेरी त्याला जमणार नव्हती.

रफिकने कोपऱ्यातली चकत्यांची बादली उचलली, खोलीतून बाहेर आला, मारेकच्या शेजारून गेला आणि उंबरा ओलांडून बर्फावर उतरला.

पहिल्या पावलालाच बूट सरकला. रबरी तळ होते, तरी सरकला. बादली एका हातात, दुसरा हात हवेत. त्याने इतकी वर्षं ज्यावर जोडामागून जोड उतरवले तो बर्फ असा असतो तर, असं त्याच्या मनात आलं. खालून गार वर येत होतं आणि गुडघे आपोआप वाकले होते.

"रफिकभाई, काय करताय? पडाल," सुजीत काचेपलीकडून ओरडला.

वरद वळला. उजव्या पायावर सरकत आला आणि त्याने रफिकचा दंड धरला. बाहेरून बघणाऱ्याला दिसलं की तरुण माणसाने म्हाताऱ्याला सावरलं. रफिकच्या दंडावर मात्र त्याचं सगळं वजन आलं होतं. त्याने पाय फाकवले आणि ते घेतलं.

"लई दुखतंय?" त्याने हळूच विचारलं.

"नका विचारू आत्ता."

"नाय विचारत. चल, चकत्या वेच. मी बादली धरतो."

दोघे असे सावकाश निघाले. वरद काठीने चकती ओढायचा, रफिक वाकून उचलायचा आणि बादलीत टाकायचा. दरवाजाशी मारेक थोडा वेळ थांबला. मग त्याने घड्याळ बघितलं, सुजीतशी दोन वाक्यं बोलला आणि बर्फाच्या दिशेने हात वर केला. तो नक्की कुणाला केला ते कळलं नाही. वरदने काठी उंचावली. रफिकने मान खाली घातली, कारण त्या माणसाच्या नजरेला नजर द्यायचं त्याला धाडस होईना.

सुजीत दरवाजाशी आला. "वरद, मारेकना फ्लाइट आहे रे. मस्त खेळला म्हणाले. मेल करतो म्हणाले."

"ओके सर. थँक्स," वरद म्हणाला.

मेल करतो म्हणजे काय, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. सुजीतलाही माहीत होतं, म्हणून तो लगेच केबिनकडे गेला. आता तिथे कुणीच नव्हतं. दरवाजा उघडा होता आणि वरद बाहेर जाऊ शकला असता, रफिकच्या खांद्यावर हात टाकून, कुणाला न दिसता. तो जागचा हलला नाही. त्याने हेल्मेट काढलं. केस घामाने ओले झाले होते आणि डोळेही ओले होते, ते त्याने लपवले नाहीत.

"खाडीपलीकडच्या एका कार्गो कंपनीत मैथिलीच्या ओळखीचा आहे कुणीतरी," तो म्हणाला. "ऑफिसची नोकरी. बसून काम."

"बसून काम बरं."

"हो. खुब्याला बरं."

बादली निम्मी भरली होती आणि तिचं कडं बोटांत रुतत होतं.

"चाचा, तुम्ही पहिल्यांदाच उतरलात ना बर्फावर?"

"हां मग. तुझ्यापायी."

"नियमाने मी दरवाजात थांबायला पाहिजे. तुमची फेरी एकट्याची."

"थांबू नको," रफिक म्हणाला. "मला सोडलंस तर पडेन मी."

वरदने त्याचा दंड पुन्हा नीट धरला. पलीकडच्या जाळीपाशी अजून तीन चकत्या राहिल्या होत्या. दोघे त्या आणायला निघाले.